पंप सगळ्यात शेवटी

इंजिन बांधायला काढलं की हौशी माणूस बाजारातून पहिली वस्तू आणतो ती ऑइल पंप. त्याला कारणही आहे. क्रँक किती घासावा लागेल हे ग्राइंडिंगवाला सांगत नाही तोवर बेअरिंग घेता येत नाहीत. बोअर मोजल्याशिवाय पिस्टन घेता येत नाहीत. प्रत्येक वस्तूसाठी कुणाची तरी वाट बघावी लागते. पंप मात्र खोक्यातून काढला की तयार. हातात मावतो, जड लागतो, आणि काहीतरी काम झाल्याचं समाधान देतो. कोल्हापूरकडच्या माझ्या एका मित्राने हेच केलं. निवृत्तीनंतर त्याने जुनी पेट्रोल जीप घेतली, इंजिन उतरवून उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या हवाली केलं आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाचं तेलाचं भांडं, उघडायच्या आत नवा पंप घेऊन हजर झाला. मिस्त्रींनी खोकं उघडलं, पंपाचा दांडा दोन बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पंप आधी आणलासा होय सर? असू दे की. पण इंजिन चेनचं हाय का गिअरचं, ते बघितलासा का?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे माहीत होतं.

चेन आणि गिअर म्हणजे काय ते पुढे येईलच. त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पंपाच्या निवडीतल्या बहुतेक चुका त्यातून निघतात. ऑइल पंप प्रेशर तयार करतो, असं आपण सर्रास म्हणतो. पंप ते करत नाही. साध्या पंपाच्या पोटात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. दातांच्या खाचेत तेल सापडतं, पंपाच्या भिंतीलगत फिरून दुसऱ्या बाजूला जातं, आणि दात पुन्हा एकमेकांत बसले की बाहेर ढकललं जातं. दुसऱ्या तऱ्हेच्या पंपात पाकळ्यांचं एक चक्र दुसऱ्याच्या आत फिरतं. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक पाकळी कमी असते आणि त्या एका पाकळीच्या रिकाम्या जागेतून तेल पुढे सरकतं. दोन्हींचा धर्म एकच. एका फेऱ्याला ठरावीक माप तेल, त्याहून जास्त नाही, कमीही नाही. पुढे वाट मोकळी असेल तर हे तेल मुकाट्याने वाहून जाईल आणि प्रेशर गेजचा काटा शून्यावरच राहील. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते. मोटर तीच असते, अंगठा नवा असतो. इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट. फट बारीक असेल तर तेल अडतं आणि काटा चढतो. फट वाढली की अंगठा निघाला.

तरीही प्रेशरनेच क्रँक तेलावर तरंगतो, असं वाटणं साहजिक आहे. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वरून बेअरिंग, आणि बेअरिंगवर भार. तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच लावलं, ते निघून आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत वर आली. शेवटी त्याने तिथे गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास होता, आणि गेजचा काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. तिथे पंप नव्हताच. फिरणारा आस स्वतःच्या अंगाला चिकटलेलं तेल अरुंद फटीत ओढत होता आणि त्या ओढीतूनच हे प्रेशर जन्माला येत होतं. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. बेअरिंगचं सगळं शास्त्र अजून त्याच गणितावर उभं आहे.

म्हणजे क्रँकला उचलून धरणारं प्रेशर क्रँक स्वतःच निर्माण करतो. पंपाचं काम पाणक्याचं: फटीच्या कडांतून जेवढं तेल गळेल तेवढं सतत भरत राहायचं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पंप नव्हताच. फ्लायव्हील तेल उडवायचं, त्यातलं काही एका नळीतून पुढे जायचं आणि कनेक्टिंग रॉड खाली येताना तेलात बुडी मारायचे. त्या भरवशावर ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनली आणि लाखोंनी खपली. पुढे वेग वाढला, भार वाढला, बुडी मारून भागेना, तेव्हा पाणक्या ठेवावा लागला.

पाणक्या किती मोठा हवा, हे गळतीवरून ठरणार. आणि गळतीचा हिशोब साधा नसतो. फटीतून गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. गॅरेजात माप थाउमध्ये चालतं. १ थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. फट २ थाउची ३ थाउ झाली तर गळती दीडपट होईल असं मन सांगतं. होते ३.४ पट. ४ थाउ झाली तर ८ पट. या एका आकड्यापुढे पंपांच्या सगळ्या जाहिराती फिक्या पडतात, कारण बाजारात मिळणारा 'मोठा' पंप नेहमीच्या पंपापेक्षा फार तर पाव हिश्श्याने जास्त तेल देतो. अर्ध्या थाउची चूक त्याने भरून निघत नाही.

म्हणून पंप शेवटी. आधी क्रँक मोजायचा. जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या, व्यासाच्या दर इंचाला १ थाउ फट, हा रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनांचा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे चाललेल्या विलिस जातीच्या जीपचं उदाहरण घेऊ: चार सिलिंडर, २.२ लिटर, तीन मेन बेअरिंग. मेन जर्नल साधारण २.३३ इंचांचे, कनेक्टिंगचे १.९४ इंचांचे. म्हणजे सव्वादोन आणि दोन थाउच्या जवळपास. मापं मायक्रोमीटरने घ्यायची, प्रत्येक जर्नल दोन दिशांनी. घासलेला जर्नल गोल न राहता अंडाकार होतो आणि एकाच दिशेने मोजलं तर ते लपून राहतं. मायक्रोमीटरवर भरवसा नसेल तर मेणासारख्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याचा तुकडा जर्नलवर ठेवून कॅप आवळायची, पुन्हा खोलायची आणि तो किती चपटला ते पट्टीशी ताडून बघायचं. क्रँक फिरवायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर हा दोरा फारसा फसवत नाही. कॅमशाफ्टचे बुश मात्र घाईत राहून जातात. तिथेही तेल जातं, तिथूनही गळतं, आणि चकचकीत नव्या बेअरिंगचं इंजिन आयडलला का लोळतं, याचं उत्तर अनेकदा त्या जुन्या बुशांत सापडतं.

मिस्त्रींच्या टेबलावर हे सगळं झाल्यावर जुन्या पंपाची पाळी आली. मित्राच्या मते तो भंगारात जायला हवा होता. मिस्त्री म्हणाले, आधी खोलू या.

जुन्या पंपाचं परीक्षण ही या धंद्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि तरीही क्वचितच कुणी करतं. झाकण काढायचं, चक्रांच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीखाली फिलर गेजचं पातं सरकतं का ते बघायचं. झाकण आणि चक्र यांच्यात तीन-चार थाउंहून जास्त जागा असेल तर तेल पुढे जाण्याऐवजी तिथूनच मागे पळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला चक्रांनी गोल चर पाडलेले असतील तर ते नखाला लागतात. असं झाकण टाकून द्यायची गरज नसते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेल सोडून, इंग्रजी आठच्या आकारात घासलं की सपाट होतं. झाकणाखालचं कागदी पॅकिंगही मापाचं हवं. कात्रीने कापलेला जाड कागद लावून नव्या पंपाची हवा काढणारे कारागीर मी पाहिले आहेत. मग जास्तीचं तेल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह: त्याचा दट्ट्या बोटाने दाबला तर अडखळता कामा नये आणि त्याच्या अंगावर उभे ओरखडे नकोत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पंप फिल्टरच्या अलीकडे असतो. इंजिनातल्या प्रत्येक बेअरिंगला निदान थोडंफार गाळलेलं तेल मिळतं. पंपाला जाळीतून जे येईल ते. जुन्या जीपमध्ये तर फिल्टरमधून सगळं तेल जातही नव्हतं, बाजूच्या वाटेने थोडंसंच जायचं. त्यामुळे इंजिन बेअरिंग फुटून मेलं असेल तर त्याचा सगळा चुरा पंपाने चावलेला असतो. अशा वेळी परीक्षण वगैरे करत बसू नये, पंप बदलावा. इंजिन केवळ वयाने थकलं असेल, रिंगा गेल्या असतील, धूर मारत असेल, तर जुना पंप बहुधा ठणठणीत निघतो. तेलात बुडून काम करणारा भाग सहसा लवकर मरत नाही. शिवाय कंपनीच्या ओतकामातला जुना पंप हा आज मिळणाऱ्या अनेक नव्या पंपांपेक्षा सरस असतो, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. नवा आणलाच तर तोही खोलून धुवावा. ओतकामाची वाळू आणि कातकामाचा कीस आत राहिलेले मी स्वतः बघितले आहेत.

मित्राच्या जुन्या पंपाचं झाकण चरलेलं होतं आणि मधल्या दांड्याला बुशात इतकी ढील होती की तो हाताने हलत होता. तो गेला. आता नव्याकडे.

विलिसच्या या इंजिनाचा पंप चेंबरच्या आत नसतो. ब्लॉकच्या डाव्या अंगाला बाहेरून बोल्टने लावलेला असतो, आणि त्याचा दांडा ब्लॉकमध्ये शिरून कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांच्या गिअरशी जुळतो. त्याच दांड्याच्या टोकाला खाच असते आणि पलीकडून येणारा डिस्ट्रिब्युटर तीत आपली जीभ अडकवतो. म्हणजे पंप फिरला की डिस्ट्रिब्युटर फिरतो. युद्धकाळातल्या जीपमध्ये कॅमशाफ्ट चेनने फिरायची. चेन असली की क्रँक आणि कॅम एकाच दिशेने फिरतात. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, विलिसने चेन काढून तिथे गिअर घातले. दोन गिअर एकमेकांत अडकले की दुसरा उलटा फिरतो, म्हणून कॅमही उलटी फिरायला लागली. डिस्ट्रिब्युटरची दिशा मात्र बदलायची नव्हती. मग तिरप्या दातांचा कल उलटा केला. बाहेरून पाहिलं तर दोन्ही पंप जुळे भाऊ. दोघांच्या गिअरचे दात विरुद्ध बाजूंना झुकलेले. चेनचा पंप गिअरच्या इंजिनात बसत नाही, म्हणजे बोल्ट बसतात, दात जुळत नाहीत.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्रने जीपची जोडणी सुरू केली, आणि ते इंजिन पुढे कित्येक वर्षं चाललं. त्याच वेळी युद्धातल्या उरलेल्या जीपही लिलावात निघून गावोगाव पोचल्या होत्या. नंतरच्या सत्तर वर्षांत या सगळ्यांची इंजिनं, बॉड्या, गिअरबॉक्स यांची इतकी अदलाबदल झाली आहे की बॉनेटवरच्या नावावरून आतलं काही सांगता येत नाही. पुढचं टायमिंग कव्हर काढून बघणं हाच खात्रीचा मार्ग. मिस्त्रींनी काढलं. आत गिअर होते. मित्राने आणलेला पंप चेनचा होता.

अमेरिकेत हाच विषय निराळ्या रंगात खेळला जातो, कारण तिथे चुकीचा पंप बसतच नाही असं होत नाही. बसणारेच चार असतात. शेवरलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ हे १९५५ मध्ये आलेलं इंजिन. २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्याचं दहा कोटीवं इंजिन साजरं केलं. जगात हौशी हातांनी सर्वांत जास्त वेळा खोललेलं आणि बांधलेलं इंजिन हेच असावं. त्याचा पंप मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर एका बोल्टने लटकतो आणि डिस्ट्रिब्युटरखालच्या एका लांब दांड्याने फिरतो. मिशिगनमधल्या जॅक्सन गावची मेलिंग कंपनी याच्यासाठी जे पंप करते त्यांतले तीन प्रकार घराघरांत माहीत आहेत. एक साधा. दुसरा साध्याच चक्रांचा, पण रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक. तिसरा लांब चक्रांचा, एका फेऱ्याला सुमारे पंचवीस टक्के जास्त तेल देणारा. दुकानात उभा असलेला माणूस काय मागेल? तिसरा. मोठा पंप म्हणजे इंजिनाचा जास्त लाड, असं त्याला वाटतं.

इथे रिलीफ व्हॉल्व्हचं काम नीट समजून घ्यायला हवं. पंप इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो, इंजिनाची तेलाची भूक मात्र त्या वेगाने चढत नाही. म्हणून पंपाचं माप सगळ्यात वाईट क्षणासाठी ठरवलेलं असतं: इंजिन तापलेलं, तेल पातळ झालेलं, आणि गाडी सिग्नलला आयडलवर. त्या क्षणी जेवढं लागतं तेवढं देणारा पंप हायवेवर गरजेच्या कितीतरी पट तेल ढकलतो, आणि जास्तीचं तेल रिलीफ व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबून परत मागे सोडतो. एकदा हा व्हॉल्व्ह उघडला की बेअरिंगला मिळणारं तेल दोनच गोष्टींवर ठरतं, प्रेशर आणि फट. पंप साधा असो की मोठा, प्रेशर तेच, फट तीच, म्हणून तेल तेवढंच. पंचवीस टक्के जास्तीचं तेल पंपातल्या पंपात गोल फिरतं, तापतं आणि इंजिनाची ताकद खातं. मिनिटाला ४० लिटर तेल ७० पौंडांवर ढकलायला कागदावरच सव्वातीनशे वॅट लागतात, घरच्या मिक्सरच्या अर्ध्या ताकदीएवढे. त्यात पाव हिस्सा उगाच वाढवायचा. शिवाय हा सगळा भार डिस्ट्रिब्युटरच्या गिअरने ओढायचा असतो. थंडीच्या पहाटे मधासारख्या तेलावर मोठा पंप ओढताना तो गिअर झिजतो, आणि लांब दांड्याला जोडणारं कंपनीचं नायलॉनचं नळकांडं उष्णतेने ठिसूळ झालेलं असेल तर तेच आधी तडकतं. इंजिन बांधताना तिथे पोलादी नळकांड्याचा दांडा घालणं ही थोडक्या पैशांत झोप लागण्याची सोय आहे.

मोठा पंप चेंबर कोरडं करतो, अशीही एक दंतकथा आहे. तिच्यात तथ्य थोडं आहे, पण कारण वेगळं. रेसमध्ये इंजिन सतत सहा-सात हजार फेऱ्यांवर असतं, तेल वरच्या टॅपेटच्या खोलीत साचतं आणि खाली यायला वेळ लागतो. तो दोष परतीच्या वाटांचा आणि उथळ चेंबरचा. पंपाला नाव ठेवलं जातं कारण तो खरेदी केलेला असतो.

मग मोठा पंप घ्यायचाच नाही? घ्यायचा, इंजिन तसं बांधलं असेल तर. फटी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या असतात, पिस्टनच्या बुडावर तेल मारणारे फवारे बसवलेले असतात, ऑइल कूलर आणि त्याच्या लांब नळ्या वाढलेल्या असतात. तिथे भूक खरोखरच वाढलेली असते. कडक स्प्रिंगचं मात्र वेगळं. ती फक्त वरची मर्यादा हलवते. आयडलला काटा खाली असताना व्हॉल्व्ह बंदच असतो, तेव्हा स्प्रिंग कडक केली काय, तिच्याखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातले काय, काट्याला काही फरक पडत नाही. हे एवढं समजलं तर कितीतरी शिम वाचतील.

काटा किती असावा, याचा जगभर चालणारा ठोकताळा म्हणजे दर हजार फेऱ्यांना १० पौंड. जीपच्या कारखान्याने तर याहून संयम दाखवला होता: ३५ मैलांच्या वेगाला, म्हणजे दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, निदान २० पौंड, आणि आयडलला निदान ६. सहा! आज एखाद्या मालकाला काटा सहावर दिसला तर तो गाडी रस्त्यातच बंद करील. तापलेल्या तेलाचा स्वभाव माहीत नसल्याने ही भीती वाटते. ४० नंबरचं साधं तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच ते १०० अंशांना उरतं. सकाळी ५० दाखवणारा काटा दुपारी घाटमाथ्यावर १२ दाखवतो, तेव्हा इंजिनाला काही झालेलं नसतं.

पंपाच्या मागची बाजू, जिथून तो तेल ओढतो, ती पुढच्या बाजूपेक्षा जास्त घात करते आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. पंप तेल ओढतो म्हणणंही तितकंसं खरं नाही. तो पोकळी करतो आणि बाहेरची हवा तेलाला आत ढकलते. वातावरणाचा हा जोर चौरस इंचाला जेमतेम साडेचौदा पौंड. जाळी गाळाने भरली, नळी अरुंद असली किंवा तेल अति दाट असलं की तेवढा जोर पुरत नाही, पोकळीत बुडबुडे होतात आणि पंप फेस ढकलायला लागतो. शेवरलेटमध्ये जाळीचं तोंड चेंबरच्या तळापासून पाव इंचापासून तीन अष्टमांश इंचापर्यंत ठेवतात. चिकणमातीचा गोळा चेंबरच्या तळावर ठेवून आणि चेंबर लावून-काढून ती जागा मोजण्याची युक्ती जुनी आहे. ती नळी पंपात नुसती ठोकून बसवलेली असते, म्हणून वेल्डिंगचा टाका मारतात. टाका मारताना रिलीफची स्प्रिंग आत राहिली तर उष्णतेने ती मऊ पडते, आणि मग नवा पंप पहिल्या दिवसापासून म्हातारा. याच घराण्यातल्या १९९७ नंतरच्या एलएस इंजिनांत नळीच्या तोंडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती चिरली किंवा चुकीच्या जाडीची बसली की पंप तेलाबरोबर हवा पितो, आणि माणूस पंपावर पंप बदलत बसतो.

जीपमध्ये इथे एक सुंदर गोष्ट आहे. तिची जाळी नळीच्या टोकाशी बिजागरीवर असते आणि तेलावर तरंगते. तेलाच्या पातळीबरोबर ती वरखाली होते, म्हणजे तळाचा गाळ न ओढता वरचं स्वच्छ तेल घेते. बिजागरी अडकली असेल तर हा सगळा शहाणपणा वाया. मिस्त्रींनी ती रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून मोकळी केली.

मारुती ८०० आणि तिच्या नंतरच्या बहुतेक गाड्यांत निवडीचा प्रश्नच लहान झाला. पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, क्रँकच्या वेगाने फिरतो, मधे दांडा नाही, डिस्ट्रिब्युटरशी नातं नाही. घर झिजलं की आख्खा पंप बदलायचा. आता तर ०डब्ल्यू-१६ सारख्या पाण्याइतक्या पातळ तेलांसाठी गरजेनुसार माप बदलणारे पंप आले आहेत, त्यांत गॅरेजातल्या माणसाने काही न करणं हेच शहाणपणाचं.

योग्य पंप, गिअरच्या इंजिनाचा, पाकळ्यांचा, आठवड्याभराने आला. तो खोलून धुतला, फटी मोजल्या, पुन्हा बंद केला. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणून, पंपाच्या दांड्याची खाच नेमक्या तिरकस कोनात धरून तो आत सारायचा असतो. खाच मधोमध नसते, किंचित एका अंगाला असते. दात तिरपे असल्यामुळे आत जाता जाता दांडा थोडा फिरतो, तेवढी फेड आधीच धरावी लागते. मिस्त्रींना तीन वेळा काढावा लागला. एक दात चुकला तरी डिस्ट्रिब्युटर बसतो, गाडीही कदाचित चालू होते, आणि मग माणूस आठवडाभर टायमिंग शोधत बसतो.

कोरडा पंप लगेच तेल उचलत नाही. चक्रांमधल्या फटीतून हवा निसटत राहते आणि तेवढ्या वेळात नवी बेअरिंग कोरडी फिरतात. शेवरलेटवाले डिस्ट्रिब्युटर काढून, ड्रिल मशिनला लांब दांडा लावून वरूनच पंप फिरवतात, आणि टॅपेटवर तेल आलेलं डोळ्यांनी बघूनच थांबतात. जीपमध्ये ही सोय नाही, कारण पंप कॅमच्या गिअरशी अडकलेला. म्हणून मिस्त्रींनी पंप लावतानाच तो तेलाने भरला होता. शिवाय गेजच्या भोकात नळी जोडून हातपंपाने मुख्य वाहिनीत तेल सारलं. मग स्पार्क प्लग काढले आणि पुढून हँडल घातलं. मित्राने फिरवलं, मी फिरवलं. चाळिसाव्या फेऱ्याला काटा थरथरला.

इंजिन सुरू झालं तेव्हा काटा ४२ वर होता आणि मित्र लहान मुलासारखा खूश. मग आम्ही पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर, तापलेल्या इंजिनावर, आयडलला काटा ११ वर येऊन थांबला. मित्राचा चेहरा उतरला. पंपाच्या खोक्यात शिमची पुडी होती, ती त्याने आधीच हेरून ठेवली होती.

"दोन शिम टाकू या का, मिस्त्री?"

"टाका की. पर आयडलला काय फरक पडायचा न्हाई सर. व्हॉल्व्ह तवा बंदच असतोय." मिस्त्रींनी चेंबरखाली ट्रे सरकवला, प्लग काढला आणि गरम तेल त्यात सोडलं. मग एका चुंबकाला दोरा बांधून तो ट्रेमधून सावकाश फिरवला. वर आला तेव्हा त्याच्यावर राखेसारखी बारीक करडी पूड होती, कण एकही नाही. मिस्त्रींनी चुंबक फडक्याला पुसला आणि नवं तेल भरायला घेतलं.

चेनच्या इंजिनाचा तो पहिला पंप मित्राच्या कपाटात अजून खोक्यातच आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. युद्धातली जीप कुणाकडे असेल तर सांग, असं तो मला भेटेल तेव्हा म्हणतो.